दोराच्या टोकाचं माहेर

शिडाच्या बोटीने सगळी बेटं फिरायला निघालेले माझे मेहुणे दिओस्को अखेर बोटीशिवाय परतले. तरी शाळेने त्यांना सफरीतून काय शिकलात ते मुलांना सांगायला बोलावलं. वारं, नांगर, वादळं असं काहीतरी कानावर पडेल म्हणून मास्तर पुढच्या रांगेत बसले होते. मेहुणे उभे राहिले, म्हणाले, "आधी चव घ्यावी, मग मीठ घालावं. आणि दोर ओढू नये, आपण जावं," आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला काही कळलं नव्हतं.

मला कळलं, कारण त्यांची बायको ऑरिंग माझी सख्खी थोरली बहीण.

मेहुणे उभा जन्म परदेशी मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी. वर्षाकाठी दोन महिने घरी यायचे, तेही पाहुण्यासारखे. आमच्या फिलिपिन्समधल्या गिमारास बेटावर असे नवरे घरोघरी आहेत, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नाही. दर वेळी ऑरिंग नटूनथटून विमानतळावर आणायला जायची आणि डोळे पुसत सोडायलाही. समोरासमोर भांडायला सवडच मिळाली नाही. रुसवेफुगवे व्हायचे ते फोनवर. फोनमधले पैसे संपले की रुसवाही संपायचा.

निवृत्त झाल्यावर तरी हा माणूस घरात टेकेल असं वाटलं होतं. कसलं काय! लगेच छोटी शिडाची बोट घेतली. "एवढी वर्षं वाट पाहिलीस, इंदाय, आता तुला समुद्र दाखवतो," म्हणे. लाडात आले की ते तिला इंदाय म्हणतात. ऑरिंगला समुद्र खिडकीतून दिसतो. पण नवरा पहिल्यांदाच 'सोबत चल' म्हणाला होता, म्हणून बिचारी बाळ येशूची मूर्ती, छत्री आणि मिरचीच्या दोन कुंड्या घेऊन निघाली.

बोटीवर हा गडी चूल सोडेना. अख्ख्या जहाजाला पुरेल एवढा भात शिजवायचा, घंटा वाजवायचा आणि एकट्या बायकोने रांगेत उभं राहायची वाट बघायचा. एकदा ऑरिंगने हट्टाने स्वतः कालवण केलं, कच्चा फणस आणि डुकराचं मटण घालून. यांनी चव न घेताच वरून मीठ टाकलं. न घेताच! तिच्या ते काळजाला लागलं.

आमच्याकडे बाई रुसली की तोंडाने सांगत नाही. उशी उचलते आणि बहिणीकडे जाते. मग नवऱ्याने काहीतरी खायला घेऊन यायचं, दाराशी "आयो!" अशी हाक मारायची, मेहुणीचे टोमणे गिळायचे, मनधरणी करून बायकोला न्यायचं. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण भर समुद्रात बहीण कुठून आणायची? ऑरिंगने पुढे पाहिलं, मागे पाहिलं, आणि उशी काखेत मारून बोटीच्या मागे दोराने बांधलेल्या होडीत जाऊन बसली.

मेहुण्यांना वाटलं, हिला तिथला वारा आवडला. ते दोराला बादली अडकवून जेवण पाठवू लागले. वर तिला ऐसपैस वाटावं म्हणून दुसरा दोर जोडून होडी आणखी लांब सोडली!

तिचा मला फोन आला. "मेलिंग, माझी खोली झाडून ठेव. त्याने दोर वाढवला. म्हणजे घालवूनच दिलं ना? पुढचं मोठं बंदर लागलं की मी फेरीबोटीने येते. कायमची." ती रडत नव्हती, म्हणूनच मला धडकी भरली.

इकडे होडीत संसार थाटला गेला. कुंड्या आल्या, धुणं वाळत पडलं. सुकी मासळी विकणाऱ्या बायका एकदा बोटीपाशी हाक देत आणि मग दुसरं घर म्हणून होडीपाशी. गस्तीच्या नौकेवरच्या जवानाने विचारलं, "मावशी, तुम्हाला कोणी पळवून नेतंय का?"

"छे, मी बहिणीकडे आलेय."

"बहीण कुठाय?"

"बाजारात गेलीय."

तो सलाम ठोकून निघून गेला.

शेवटी मीच मेहुण्यांना फोन लावला. मी त्यांना मनोंग, म्हणजे दादा, म्हणते. "मनोंग, भाताबरोबर डोकंही शिजवलंत का? ती रुसलीय!"

"रुसली? मग बोलली का नाही?"

"बोलली असती तर रुसली कशाला म्हणायचं?"

"बरं, दोर ओढून घेतो तिला."

"खबरदार! बायको आहे ती, नांगर नव्हे. तुम्ही जायचं. आणि रिकाम्या हाताने जाऊ नका."

पुढचं ऑरिंगने सांगितलं. बंदर समोर दिसत होतं, वारा पडला होता. मेहुणे कालवणाचा डबा डोक्याला बांधून दोर धरत धरत पाण्यातून निघाले. दोन दोर जोडणारी गाठ होती स्वयंपाक्याची, तांदळाच्या पोत्याला मारतात तसली. ती त्यांच्या मागे अलगद सुटली. होडीच्या कडेला लटकून, धापा टाकत त्यांनी फळीवर टकटक केलं.

"आयो! आहे का कोणी घरात?"

"बहीण बाजारात गेलीय," ऑरिंग म्हणाली. "काय काम होतं?"

"बायकोला न्यायला आलोय. कालवण तुझ्यासारखं केलंय. मीठ अजून घातलेलं नाही. किती घालू, ते तू सांग."

आता मात्र तिला रडू फुटलं. लग्न झाल्यापासून आणायला जायची ती तीच. तिला न्यायला कधी कोणी आलंच नव्हतं.

मेहुणे होडीची कड धरून बोलत राहिले, एकटेपणाचं, जहाजावरचं, आजवर न बोललेलं सगळं. तेवढ्यात वारा उठला. त्यांच्या पाठीमागे शीड फुगलं आणि बोट आपली आपण चालू लागली. ऑरिंगला सगळं दिसत होतं. पण नवरा पहिल्यांदाच बोलत होता, म्हणून बोट दिसेनाशी होईपर्यंत ती नुसती मान डोलवत राहिली.