आईचं माहेरचं नाव

माझ्या आईनं उभ्या आयुष्यात न पाहता काही विकत घेतलं नाही. पाहणं म्हणजे नुसतं डोळ्यांनी नव्हे. तंजावरच्या रेशमाच्या दुकानात ती शिरली की दुकानदार आधी सुस्कारा सोडायचा, मग बाहेरची पायरी झाडून घ्यायचा. ही बाई प्रत्येक साडी उन्हात नेऊन बघणार हे त्याला ठाऊक असायचं. ती पदर चिमटीत धरून चोळायची, काठाचा धागा ओढून बघायची, कापड नाकाशी न्यायची आणि शेवटी तमिळमध्ये म्हणायची, "बरं आहे. आता खरंच चांगलं असेल ते काढा." वांग्यांचं तेच, कॉफीच्या बियांचं तेच. मी मुलखाची उतावळी. दाखवलं, आवडलं, चला घरी! त्यामुळे बाजारातून आम्ही दोघी परत यायचो त्या बहुतेक भांडतच.

अशा बाईसाठी मी कधी न पाहिलेल्या दुकानातून, कधी न पाहिलेलं धोतर मागवलं. आजही आठवलं की माझंच मला नवल वाटतं.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. आमच्या रस्त्यावरचे एसटीडी बूथ एकेक करून ब्राउझिंग सेंटर, म्हणजे इंटरनेटची दुकानं, होत होते. पाटी नवी, आतली प्लास्टिकची खुर्ची जुनीच. मी मुलींच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. घरात मी आणि आई. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात मराठी, दारात तमिळ, कॉलेजात इंग्रजी, असा आमचा संसार. देवनागरी तर मी मोठेपणी शिकले, तेही पुण्याहून मामांची कार्डं यायची ती वाचता यावीत म्हणून.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, तिचे अण्णा. दोघं वाढली इथून जवळच्या पापनाशमला, स्टेशनच्या मागच्या घरात. पुढे मामा सरकारी नोकरीत पुण्याला गेले आणि तिथलेच झाले. भावंडांत आता ही दोघंच उरली होती. त्या वर्षी मामांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं आणि आई हरखून गेली. बॅग भरली, चार दिवस आधीची तिकिटं काढली. आणि न्हाणीघरात पाय घसरून गुडघा असा सुजला, की डॉक्टरांनी प्रवासाचं नावच काढू दिलं नाही.

आई रडली नाही. पण जेवेना. "बहिणीचं धोतर न नेसतां अण्णा पाटावर बसणार," एवढंच म्हणायची. आमच्यात रीत आहे, अशा दिवशी भावाच्या अंगावर पहिलं वस्त्र चढतं ते बहिणीचं.

"मग मामेभावाला सांगू, तिथंच घेऊन टाक म्हणून," मी म्हटलं.

"शहाणी आहेस! त्यांच्या पैशांनी त्यांसच आहेर?"

पोस्टानं पाठवायचं तर मागच्या दिवाळीचं आमचं पार्सल पुण्याला पोचलं होतं संक्रांतीला. मामांना फोन करून दोन शब्द बोलावं तर त्यांचे कान पार गेलेले. सुनेनं त्यांच्यासाठी पाटीवर लिहायचं, त्यांनी वाचायचं, मग काही बोलले तर बोलले. म्हणजे तिनं जायचंही नाही, बोलायचंही नाही आणि आहेरही नाही. तिच्याकडे बघवेना मला.

तेव्हा कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं सांगितलं, मुंबईचं एक दुकान आहे, ते फक्त कॉम्प्युटरवर असतं. चित्र बघायचं, बटण दाबायचं, पुण्यात घरपोच आहेर. मी त्याच संध्याकाळी ब्राउझिंग सेंटरमध्ये जाऊन बसले. यंत्रानं आधी घसा खाकरल्यासारखे आवाज काढले, मग पडद्यावर वरून खाली, इंचाइंचानं, एक धोतर उतरू लागलं. लाल काठ, सोबत उपरणं आणि पेढ्यांचा डबा. अहो, मी तोंडाचा आ वासून बघत राहिले! मुंबईतल्या फळीवरचं धोतर कावेरीकाठी, कॉफीच्या दुकानाच्या माडीवर, माझ्यासमोर उलगडत होतं.

चित्र कागदावर छापून घरी आणलं. शाई संपत आली होती, त्यामुळे काठ हिरवा आला. आईनं चष्मा लावला, कागद खिडकीपाशी उजेडात नेला आणि, खोटं नाही सांगत, चिमटीत धरून चोळला.

"हें काय गे? कागद आहे."

"मग काय धोतर छापून येणार होतं?"

"दुकानदार कोण? कोठें बसतो?"

"कुठंच बसत नाही."

"बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!" आई म्हणाली आणि कागद माझ्या हातात देऊन भिंतीकडे तोंड करून निजली. पण थोड्या वेळानं तिकडूनच आवाज आला, "त्या दिवशीं पोचेल काय?"

"पोचेल म्हणतात."

"मग माग." तिचा विश्वास त्या दुकानावर बसला नव्हता. दुसरा रस्ताच उरला नव्हता.

माझ्याकडे एक क्रेडिट कार्ड होतं. बँकेनं गळ्यात मारलेलं, देवघराच्या खणात कुंकवाच्या पुड्यांखाली पडून होतं. ते घेऊन दुसऱ्या दिवशी मी परत गेले. आधी नाव विचारलं. आम्हा तंजावरच्या मराठ्यांना तमिळ रीतीनं बापाच्या नावाचं एक अक्षर पुढे असतं आणि मग आपलं नाव, संपलं. तिथं आडनावाचा रकाना रिकामा ठेवू देईनात, एका अक्षरानं भागेना, म्हणून वडिलांचं अख्खं नाव घातलं. लगेच पडद्यावर वडिलांच्या नावानं माझं स्वागत झालं! मी हसले, पण डोळ्यांत पाणीही आलं.

मग आला तो प्रश्न. तुमची ओळख सुरक्षित राहावी म्हणून फक्त तुम्हालाच ठाऊक असेल असं उत्तर द्या, असं म्हणून खाली इंग्रजीत विचारलं होतं: आईचं माहेरचं नाव?

कपाळ माझं! ते मलाच ठाऊक नव्हतं.

साहेबाला तिथं आडनाव हवं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आडनावच नाही तर येणार कुठून? आमच्याकडे माहेरचं नाव म्हणजे एकच. लग्नात ताटभर तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो, आणि जन्मल्यापासून ज्या नावानं मुलीला हाका मारल्या ते त्या दिवशी बंद होतं. आईचं नवं नाव मला ठाऊक होतं. जुनं मी कधी विचारलंच नव्हतं. तिला जुनं काही असेल हेच कधी मनात आलं नव्हतं. मुंबईच्या एका यंत्रानं मला ते विचारावं?

घरी आले. आई पाय लांब करून घेवडा मोडत बसली होती.

"त्या दुकानदारास माझं नांव कशास?" ती म्हणाली.

"चोरानं माझ्या नावावर काही मागवू नये म्हणून. तो पुसेल तेव्हा जी हे नाव सांगेल तीच मी."

"म्हणजे कुलूप."

"हो."

"आणि किल्ली माझं नांव?" तिचा हात थांबला. "त्या तांदळांचा दुसऱ्या दिवशीं भात झाला, गे. मींच वाढला सगळ्यांस. त्यानंतर त्या नांवानं फक्त अण्णा हाक मारी. कार्डावर तोही नवंच लिही, रीत म्हणून. भेटला कीं मात्र दारातूनच जुनी हाक."

आणि तिनं ते सांगितलं. घरात आम्ही दोघीच, तरी आवाज खाली आणून. दोन अक्षरांचं, साधंसं नाव. मी तिच्याकडे पाहत राहिले. मला जन्म दिलेल्या बाईची ओळख मला त्या क्षणी झाल्यासारखं वाटलं. ते नाव मी इथं लिहिणार नाही. ते अजून माझ्या कुलपाची किल्ली आहे.

संध्याकाळी ते दोन अक्षरी नाव रकान्यात घातलं, पुण्याचा पत्ता, आमचा फोन नंबर आणि कार्डाचे आकडे भरले, जीव मुठीत धरून बटण दाबलं, आणि दिवे गेले. सगळ्या माडीवर अंधार. मागणी पोचली की वाटेतच राहिली? ब्राउझिंग सेंटरचा मालक म्हणाला, देवालाच ठाऊक. परत दाबावं तर दोन धोतरं जातील, न दाबावं तर एकही नाही. मी घरी येऊन आईला म्हटलं, "गेलं, गेलं, मिळाली त्यांना मागणी." आणि रात्रभर तळमळले.

शुक्रवार उजाडला, आमच्याकडचा बायकांच्या तेल लावून न्हाण्याचा वार. मी डोक्याला तेल थापून बसले होते, तेव्हा फोन वाजला. आईनं घेतला. "हलो... होय... कोण गे तूं?... होय, धोतर." मग ती एकदम ताठ बसली. आणि तिच्या तोंडून शब्द आला, "ओ!"

हाक आली की द्यावी तशी ओ. बारीक आवाजात, लहान मुलीसारखी. मग फोन कानाला, डोळे समोर, गालांवरून पाणी.

मी तेलकट हातानं फोन ओढून घेतला. "काय सांगितलंत हो तुम्ही माझ्या आईला?"

पलीकडे मुंबईच्या त्या दुकानातली मुलगी. गांगरली बिचारी. "मॅडम, व्हेरिफिकेशनचा कॉल आहे. मागणी आली, पण अर्ध्यात तुटली होती, म्हणून खात्री करायला..." आणि तिनं ते नाव घेतलं, "...असंच उत्तर दिलंय ना, एवढंच विचारलं."

"अहो, उत्तर आम्ही सांगायचं की तुम्ही? तुम्हीच वाचून दाखवलंत तर चोराला काय बाकी राहिलं? ही कसली सुरक्षा?"

"सॉरी मॅडम, चुकलंच. सगळे तिथं आडनाव लिहितात. तुमचंच असं आलं. मला वाटलं, फोनवर आहेत त्यांचंच नाव असेल. नाव घेतल्यावर त्यांनी ओ दिली ना!"

माझा राग कुठल्या कुठे गेला. पन्नासेक वर्षं जे नाव एका माणसाशिवाय कुणी उच्चारलं नव्हतं, ते तारेतून मुंबईला गेलं होतं, एका अनोळखी मुलीच्या तोंडात बसलं होतं आणि हाक होऊन आमच्या दारी परत आलं होतं. मी तिला म्हटलं, हो, मागणी आमचीच. पाठवा.

"आणि डब्यावरच्या चिठ्ठीत पाठवणाऱ्याचं नाव काय लिहू?"

मी आईकडे पाहिलं. तिनं डोळे पुसले. "तेंच लिही म्हणावं," ती म्हणाली.

"तेच म्हणजे? आई, ते गुपित आहे! डब्यावर लिहिलं तर कुलूप कसलं?"

"माझं नांव, माझा भाऊ, आणि मींच तें लिहूं नये?" तिचा आवाज चढला. "तुझं कुलूप तूं सांभाळ. मज माझ्या अण्णास कळवायचं आहे, कोणी पाठवलं तें."

मी तिकडच्या मुलीला अक्षर न् अक्षर सांगितलं. तिनं ते परत म्हणून दाखवलं, आणि आई पुन्हा ओ देते की काय असं मला वाटलं.

सोहळ्याच्या दिवशी सकाळपासून आई फोनपाशी. मी रजा काढली होती, पण तिला सांगितलं कॉलेजला सुट्टी आहे. धोतर विटकं निघालं तर? भलत्याच घरी गेलं तर? आलंच नाही तर? न पाहता घेतलेल्या वस्तूचे सगळे दोष मला तेव्हा दिसू लागले, आणि आईच्या चिमटीला मी मनोमन हात जोडले. आई मात्र शांत होती.

दुपारी फोन आला. मामेभाऊ. मी ऐकायला कान जवळ नेला.

"आत्या, डबा कालच आला. सुरेख आहे गं धोतर! बाबा तेच नेसून पाटावर बसले. पण आत्या, चिठ्ठी वाचल्यापासून त्यांनी हट्टच धरलाय, फोन द्या म्हणून. ऐकू तर काही येत नाही. देऊ का?"

"दे," आई म्हणाली.

खडखड झाली. मग एक म्हातारा, फाटका, मोठा आवाज आला. पापनाशमच्या घराच्या दारातून मारावी तशी हाक. तेच नाव.

"ओ," आई म्हणाली.

परत तीच हाक.

"ओ, अण्णा! ओ!" ती आता ओरडत होती. रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. मामांना ऐकू येत नव्हतं, म्हणून ते परत हाक मारत होते, आणि ही प्रत्येक हाकेला ओ देत होती. तिला थांबवायचं मला धाडस झालं नाही.

शेवटी मामेभावानं फोन घेतला. "आत्या, बाबा विचारतायत, ती आहे का तिथं? काय सांगू?"

आईनं पदरानं तोंड पुसलं.

"पाटीवर लिही," ती म्हणाली. "तिनं ओ दिली म्हणून."