टेबलावरून उचलावी

नॉरिस टॅटरसॉल माणूस कसा आहे असं इंग्लंडमधल्या अ‍ॅक्रिंग्टनमध्ये कुणालाही विचारा, उत्तराआधी सुस्कारा ऐकू येईल. एकतीस वर्षं त्याने घरोघरचे गॅसचे मीटर वाचले. जिन्याखालच्या कपाटात डोकं घालायचं, आकडा टिपायचा आणि जाता जाता "तुमचं पायपुसणं उलटं पडलंय" असं सुनावून जायचं. कुणी चहा विचारला तर म्हणायचा, "मी चहा प्यायला आलेलो नाही." लग्नाच्या भानगडीत पडला नाही. आई होती तोवर आईशी भांडला, ती गेल्यावर शेजाऱ्यांशी. निवृत्त झाला तेव्हा कचेरीतल्या लोकांनी वर्गणी काढून घड्याळ दिलं. ते दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं, म्हणून याने ते चिठ्ठीसकट परत पाठवलं.

असल्या माणसाला रविवारी दुपारी चारचौघांत बसायला मिळत होतं, ते एका पिवळ्या पुस्तिकेमुळे.

त्याचं असं झालं. चॅपलमागच्या छोट्या हॉलमध्ये दर रविवारी अडीच वाजता तिघंजण जमायचे आणि गोष्ट खेळायचे. हो, खेळायचे. ग्वेंडा हॉवर्थ गोष्ट चालवायची. शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं काढलेली बाई, त्यामुळे आवाज पातेल्यांच्या खणखणाटावर चढेल असा. चष्म्याच्या दुकानाचा मालक इद्रिस पटेल हा एका जुन्या मालवाहू अंतराळयानावरचा डॉक्टर. बेकरीतून निवृत्त झालेला, अर्धवट बहिरा लायोनेल डक्सबरी हा त्या यानाचा चालक. ग्वेंडा सांगणार, "दार उघडलं, आत धूर आहे," आणि हे दोघं आपापल्या सोंगातून बोलणार. सात वर्षं ते यान ग्रहाग्रहांवर रखडत होतं. बोलाचालीत कुणी हटत नसे, घोडं अडायचं ते मारामारीला.

मारामारीचे नियम त्यांनी दोनदा बदलून पाहिले. पहिलं पुस्तक विटेएवढं जाड, त्यात कुठल्या बोटाला किती भाजलं याचाही तक्ता. धान्याच्या कोठारातली एक चकमक तीन रविवार चालली आणि लायोनेल मधेच झोपला. दुसरे नियम नवे, चकचकीत, पण ते छापणाऱ्यांच्याच बाहुल्या विकत घ्याव्या लागणार, त्याही दर सहा महिन्यांनी नव्या. इद्रिस म्हणाला, "याच्यापेक्षा मी चष्मे फुकट वाटतो." मग लायोनेलला आठवलं की आपल्या गल्लीतल्या त्या मीटरवाल्याकडे जुनं काहीतरी आहे.

नॉरिस आला तो बुटांची चार खोकी घेऊन. प्रत्येकात कापसात गुंडाळलेले शिशाचे अंतराळसैनिक, बोटाच्या पेराएवढे, त्याने स्वतः रंगवलेले. लायोनेल कौतुकाने म्हणाला, "बाहुल्या झकास आहेत रे."

"बाहुल्या तुझ्या नातीच्या. यांना फिगर म्हणतात."

आणि वर ती पुस्तिका. सन सत्याहत्तरची, चोवीस पानांची, दोन टाचण्या गंजलेल्या. रॉनल्ड पेथरिक नावाच्या कुणा शाळामास्तराने सायक्लोस्टाइल करून टपालाने विकलेली. इंची पट्टीने अंतर मोजा, फासा टाका, संपलं. चहाचा एक कप निवेपर्यंत लढाई निकालात. ग्वेंडा खूश झाली. एक अडचण होती. ते नियम फौजांचे होते. एक फिगर म्हणजे दहा माणसं, एक पाळी म्हणजे दोन मिनिटं. इथे तर एक फिगर म्हणजे एकटा इद्रिस. ग्वेंडाने वहीत सुधारणा लिहायला घेतल्या. दहा माणसांचा एक माणूस केला, दोन मिनिटांचे दोन श्वास केले. नॉरिसने एवढं दात-ओठ खाऊन चालवून घेतलं, पण अकराव्या पानावरच्या एका वाक्याला त्याने हात लावू दिला नाही. वाक्य असं: "लागलेली फिगर टेबलावरून उचलावी."

"उचलावी म्हणजे?" ग्वेंडाने पहिल्याच दिवशी विचारलं.

"म्हणजे मेली. छापलंय ते वाच, आणखी काय?"

तिसऱ्याच रविवारी एका खाणीच्या तोंडाशी लढाई झाली. शत्रूच्या बाजूने नॉरिस. सात इंच अंतर, फाशावर सहा, आणि इद्रिसचा डॉक्टर उचलला गेला. सात वर्षांचा डॉक्टर. त्याची एक बायको होती दूरच्या ग्रहावर, तिला इद्रिस पत्रं लिहायचा, खरीखुरी, निळ्या कागदावर. नॉरिसने ती फिगर चिमटीत धरली, खोक्यात टाकली आणि म्हणाला, "पुढची पाळी."

इद्रिसने टोपी घातली. "दुकानात जरा काम आहे," म्हणाला. रविवारी त्याचं दुकान बंद असतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यानंतर ग्वेंडाने जे तोंड सोडलं ते चॅपलच्या बागेपर्यंत ऐकू गेलं. "माणूस आहेस का कोण आहेस? त्या बिचाऱ्याचं तोंड पाहिलंस का?"

"मी फासा पाहिला. सहा पडले."

"अरे, तो खेळ होता फौजांचा! दहातले काही मेले असतील, काही पळाले असतील, एखादा खड्ड्यात पडून आईच्या नावाने रडत असेल. उचलली म्हणजे लढाईतून उठली, एवढंच. मी लिहिणार आहे, उचललेल्या माणसाने पुढच्या पाळीला फासा टाकायचा. चार, पाच, सहा आले तर परत आला. नाही आले तर त्याच्या पुढच्या पाळीला पुन्हा एकदा. पाळीला एकच."

"मग मरायचं कुणी? लढाई आहे का भातुकली?"

"मरायची तुला एवढी हौस असेल तर तू मर की!"

लायोनेलला यातलं निम्मंच ऐकू आलं, तेवढंही त्याला जास्त झालं. तो निमूटपणे पार्किन केकचा तुकडा चघळत राहिला.

आता कुणालाही वाटेल, शिशाच्या पेरभर सैनिकावरून एवढा तमाशा कशाला. पण नॉरिसच्या पोटात दुसरंच दुखत होतं, आणि ते त्याने कुणाला सांगितलेलं नव्हतं. ही पुस्तिका टपालाने आली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि धाकटा भाऊ अ‍ॅल्विन अकराचा. दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर खेळायचे. अ‍ॅल्विनची एक लाडकी फिगर होती, लाल शिरस्त्राणवाली. तिला तो 'सार्जंट' म्हणायचा आणि उशाशी घेऊन निजायचा. एका शनिवारी सार्जंटला लागलं. नॉरिसने उचलला, आणि अ‍ॅल्विन रडायला लागला तेव्हा त्याचा दंड धरून त्याला कालव्यापर्यंत चालवत नेलं आणि त्याच्यादेखत सार्जंट पाण्यात टाकला. "मेला म्हणजे मेला. शिकून ठेव." अ‍ॅल्विन पुन्हा कधी त्या टेबलाशी बसला नाही. आता तो नेल्सन गावात असतो, दहा मैलांवर. नाताळला कार्ड येतं, त्यावर नुसतं नाव असतं.

म्हणून ते वाक्य काळ्या दगडावरची रेघ असणं नॉरिसला भाग होतं. उचलावी म्हणजे मेली, हे खरं असेल तर त्याने भावाला नियम शिकवला. खरं नसेल तर त्याने एका पोराचा खेळ बुडवला.

ग्वेंडा ऐकणारी नव्हती. मास्तर पेथरिक जिवंत आहेत, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, साउथपोर्टला एका वृद्धाश्रमात असतात, हे तिने शोधून काढलं. पुढच्या रविवारी इद्रिसला घरून अक्षरशः ओढून आणलं, फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि आवाज मोठा केला.

"मिस्टर पेथरिक, तुमच्या अकराव्या पानावर लिहिलंय, लागलेली फिगर टेबलावरून उचलावी. ती का उचलायची हो?"

 पलीकडून एक कापरा आवाज हसला. "अहो बाई, आमच्याकडे टेबल कुठे होतं? भिंतीला लावायच्या कागदाला खळ फासायची घडीची फळी होती ती, दोन फूट रुंद. पडलेल्या फिगर आडव्या यायच्या, बाही लागून खाली जायच्या. माझी बायको दोनदा अनवाणी पायाने त्यांच्यावर चढली. मग मी लिहिलं, उचला बाबांनो."

"म्हणजे मेल्या नाहीत?"

"मेल्या? मी त्याचा विचारच केला नव्हता. उचलायच्या, खोक्यात ठेवायच्या. पुढच्या शनिवारी त्याच पुन्हा मांडायच्या. दुसऱ्या फिगर घ्यायला पैसे कुणाकडे होते?"

लायोनेल खो खो हसत सुटला. नेमकं हेच त्याला स्पष्ट ऐकू आलं होतं. इद्रिसही हसला. नॉरिसचं तोंड मात्र पांढरंफटक पडलं. तो फोनवर ओणवा झाला आणि ओरडला, "तुम्हाला आठवत नाही! म्हातारे झालात तुम्ही! छापलेलं खोटं असतं का?"

"कोण बोलतंय?" म्हाताऱ्याने घाबरून विचारलं.

ग्वेंडाने फोन उचलला, त्यांची माफी मागितली आणि ठेवून दिला. मग नॉरिसकडे वळून तिने अगदी हळू आवाजात विचारलं. ती हळू बोलते तेव्हा जपून राहावं. "मतं घेऊ या. उचललेल्याला फासा मिळावा असं कुणाला वाटतं?"

तीन हात वर गेले.

 नॉरिसने खोकी उघडली आणि लढाई मांडलेली असताना एकेक फिगर उचलायला सुरुवात केली. शत्रूचे पंधरा. खाणीचे पहारेकरी. लायोनेलचा चालक, कारण तोही त्याच्याच शिशाचा. डॉक्टर तर खोक्यातच होता. प्रत्येकाला कापसात गुंडाळलं, जराही घाई न करता. टेबल रिकामं झालं तेव्हा पुस्तिका कोटाच्या आतल्या खिशात घातली. "खेळा आता," म्हणाला. "बघतो कशाने खेळता."

दाराबाहेर बुटांचे बंद बांधायला तो थांबला. निदान स्वतःला त्याने तसंच सांगितलं.  आतून ग्वेंडाचा आवाज आला: "लायोनेल, तुझ्या खोकल्याच्या गोळ्या काढ. त्या शत्रू. इद्रिस, तू मिरपुडीची डबी. टाक फासा." थोड्या वेळाने इद्रिस ओरडला, "पाच! आलो परत!" आणि टेबलावर हात आपटल्याचे आवाज आले. चार रविवारांत नॉरिसच्या फिगरवर कुणी असं ओरडलं नव्हतं. त्याला इतका संताप आला की बस येईपर्यंत थांबवेना. चार खोकी काखेत मारून तो चढ चढत घरी गेला.

आठवडा त्याने कसा काढला हे सांगण्यात अर्थ नाही. शेजारणीच्या मांजरावर खेकसला, पोस्टमनशी वाद घातला. एकदा फोन हातात घेऊन नेल्सनचा नंबर अर्धा फिरवला आणि ठेवून दिला. काय बोलणार होता? चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी माणसाला फोन करून फळीची रुंदी सांगायची?

रविवारी दोन पस्तीसला तो हॉलच्या दारात उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा पाच मिनिटं उशिरा. काखेत एकच खोकं.

"माझी इंचाची फीत राहिली इथे," तो म्हणाला.

"नाही राहिली," ग्वेंडा म्हणाली. "परवा मी झाडलोट केली."

इद्रिसने खुर्ची मागे सरकवली. "बस ना नॉरिस. चहा आहे."

"थांब," ग्वेंडा म्हणाली. तिचा राग तसूभर उतरला नव्हता, आणि तो उतरल्याचं सोंग करणाऱ्यांतली ती नव्हे. "एका म्हाताऱ्या माणसावर ओरडलास तू. या टेबलावरून तू उचलला गेलायस. यायचं असेल तर नियम आहे आमच्याकडे." आणि तिने फासा टेबलाच्या कडेला ठेवला. "चार, पाच, सहा."

बाहेर बस येऊन गेली. तो झिडकारून निघून जाईल असंच तिघांना वाटत होतं, आणि ग्वेंडाला तेच हवं होतं. नॉरिसने खोकं खाली ठेवलं, कोटाची बाही मागे सारली आणि फासा टाकला.

दोन पडले.

"मला नीट दिसलं नाही बुवा," इद्रिस घाईघाईने म्हणाला. "चार होते बहुतेक. लायोनेल, चार ना?"

"चारच!" लायोनेल म्हणाला. त्याने तर चष्माही लावला नव्हता.

"दोन आहेत," नॉरिस गुरगुरला. "चष्मे विकतोस आणि दोन दिसत नाहीत तुला? लबाडी करून बसवताय मला?" त्याने फासा उचलून ग्वेंडाच्या हातात दिला. खोकं मात्र टेबलावर ठेवलं आणि इद्रिसपुढे सरकवलं. "तुझा डॉक्टर आहे त्यात. मिरपुडीने खेळायची लाज वाटत नाही का?"

तो वळला आणि दाराशी पोचला. तिथे थांबून, मागे वळून न पाहता, त्याने विचारलं, "पाळीला एकदाच टाकायचा ना?"

"एकदाच," ग्वेंडा म्हणाली. "पुढच्या रविवारी. आणि अडीच म्हणजे अडीच."

"मला वेळ शिकवू नकोस, बाई," नॉरिस म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

रस्त्यात त्याने खिशातून फोन काढला, आणि या खेपेला नेल्सनचा नंबर पुरा फिरवला. दोनदा वाजून उचलला गेला.

"कोण?" अ‍ॅल्विनने विचारलं.

"मी नॉरिस. तो मेला नव्हता रे," नॉरिस म्हणाला. "तुझा सार्जंट. मला चुकीचं कळलं होतं."



"मला तेव्हाच माहीत होतं," अ‍ॅल्विन म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.