दामिनीनं वेग उतरवला

शहरातली पोरं प्रोसेसरचं कुलूप पेन्सिलीनं उघडायची ती वेग वाढवायला. कुरखेड्याच्या दामिनीला तो कमी करायचा होता. ज्याला हसू येईल त्यानं मे महिन्यात एकदा कुरखेड्याला राहून बघावं, मग खुशाल हसावं.

साल २००२. तिच्या संगणकवर्गात एकच जुना संगणक, साडेआठशे मेगाहर्ट्झ वेगाचा. टेबलफॅन लावून झाला, खिडकीला ओलं पोतं टांगून झालं, तरी दहा मिनिटांत तापून तो बंद पडायचा. आज अकराला गडचिरोलीहून परीक्षक येणार होते. परीक्षेला अकरा जण, आणि मध्येच यंत्र बंद पडलं तर बसलेला नापास, असा नियम.

प्रोसेसरवर चार बारीक तुटलेल्या रेघा असतात. त्या शिसपेन्सिलीनं जोडल्या की वेगाचा गुणक बोर्डावरच्या कळीनं बदलता येतो; वेग उतरला की यंत्र कमी तापतं. पण एक रेघ शेजारणीला टेकली की प्रोसेसर जळायचीही भीती. दुसरा प्रोसेसर नागपूरशिवाय मिळत नव्हता.

साडेनवाला तिनं रेघा ओढल्या, कळ फिरवली. पडदा काळाच राहिला. दामिनीनं प्रोसेसर पुन्हा बाहेर काढला.

"काऊन चालून नाई राह्यला?" दारात जाळं विणत बसलेल्या तिच्या बापानं, इस्तारीनं विचारलं.

"घाम पडला, बाबा. शिसं पसरलं."

इस्तारीनं जाळ्याची बांबूची सुई काढली आणि चाकूनं तिचं टोक केसाएवढं तासून दिलं. "घाई नको करू, बाई. बारीक गाठ सोडवतानी मी दम धरून ठेवतो."

दम धरून तिनं पसरलेलं शिसं खरवडलं, घाम पुसून पुन्हा रेघा ओढल्या. साडेदहाला पडद्यावर आकडा उमटला, सहाशे.

परीक्षकांनीही तोच आकडा पाहिला. "सातशेच्या खाली केंद्राला मान्यता नाही, मॅडम. का यंत्र आकडा चुकीचा दाखवतंय?"

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. पण खोटं बोलणं दामिनीला कधी जमलंच नाही.

"आकडा बरोबर हाय, सर. साडेआठशेचा मीच उतरवला. नाईतर पोरं नापास होतेत."

परीक्षकांनी फॉर्मवर सहाशे लिहिलं. "आजची परीक्षा घेतो. पुढच्या वर्षी केंद्र नाही." केंद्राशिवाय वर्गाला कोण येणार?

दुपार तापत गेली. पाच जण झाले, आठ जण झाले. प्रत्येक वेळी दामिनीचा जीव पंख्याच्या आवाजात अडकलेला. शेवटची बुधरी, जंगलातल्या गावाहून पहाटेच पायी निघालेली. साडेतीनला तिचा कागद छापून बाहेर आला. यंत्र एकदाही बंद पडलं नव्हतं.

"सारे सुटले, बाबा," दामिनी म्हणाली. मग स्टुलावर चढून तिनं दारावरची वर्गाची पाटी उतरवली, आणि तेव्हा मात्र तिला रडू आवरलं नाही.