पूर्वजांचा हुकूम

“उतरवा ते पातेलं. माझ्या आंघुळीच्या चुलीवरनं उतरवा ते आदी, न्हाईतर घागर वतीन त्यात मी.”

वहिनी, म्हणजे शेजारच्या सुभेदाराची बायको, ओरडत होत्या. त्यांचा आवाज कसा, ते आधी सांगतो. त्यांनी आमच्या कुंडल गावात कोंबड्या हाकलल्या तर कडेगावच्या कोंबड्या झाडावर चढतात. पण त्या दिवशी त्यांच्या आवाजाच्याही पुढं वास धावत होता. ओल्या घोंगड्यात म्हातारा बोकड गुंडाळावा, आणि ते घोंगडं जुन्या दिव्याच्या तेलात दिवसभर उकळावं, तसा वास.

“गप गं,” आतून सुभेदार म्हणाला. “हुकूम हाय.”

“कुणाचा?”

“पूर्वजांचा.”

मी माझ्या धान्याच्या दुकानाच्या उंबऱ्यावर नाकाला उपरणं लावून उभा होतो. सुभेदाराची आणि माझी भिंत एक. मी जैन माणूस. आमच्या घरात कांद्याचा वास आला तरी तो कुणाच्या खिडकीतून आला याची चौकशी होते. त्यात पर्युषण चालू, पोटात उपास. भिंतीपलीकडं चार किलो बोकडाची चरबी कढत होती. त्या वर्षी मी उपासाचं पुण्य किती कमावलं ते देवाला ठाऊक, पण दर श्वासाला त्यातलं थोडं गळत होतं.

सुभेदार हे त्याचं नाव नव्हे आणि हुद्दाही नव्हे. फौजेतून तो हवालदार म्हणून परतला. पुढची बढती आमच्या गल्लीनं दिली. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. पेन्शनीत येऊन वीस वर्षं झाली तरी म्हशीला ‘सावधान’ म्हटल्याशिवाय धार काढत नाही. शेताच्या चारी बाजूंना ऊस, मधोमध हा, आणि एक दिवस याच्याच रक्तात साखर निघाली.

डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या घ्या, चाला, भाकरी निम्मी करा. निम्म्यावर थांबायची त्याला सवय नव्हती. त्याच सुमारास मोबाईलवर त्याला एक उघडाबंब माणूस भेटला. दाढी छातीपर्यंत, हातात कच्चं काळीज. तो रोज सांगायचा की माणसाचे पूर्वज चरबी खाऊन वाघासारखे जगत होते; मग धान्य आलं आणि त्याच्या मागोमाग सगळे रोग आले.

“म्हणजे सगळ्या रोगांचं मूळ माझ्या दुकानात हाय म्हण की,” मी म्हणालो.

“तुझा दोष न्हाई, अण्णा,” तो मोठ्या मनानं म्हणाला. “तुला कुणी सांगितलं न्हवतं.”

दुसऱ्या दिवसापासून भाकरी बंद, भात बंद, गूळ बंद. सकाळी चरबीत तळलेली सहा अंडी. दुपारी मटणाच्या नळ्या, त्या तो अशा ओढायचा की माझ्याकडं आलेलं गिऱ्हाईक विचारायचं, शेजारी बोअरची मोटार हवा ओढतीया काय? संध्याकाळी पुन्हा चरबी, नुसती, वाटीत. हात हातात घेतला तर माझा हात त्याच्या कोपरापर्यंत घसरायचा. थंडीत त्याच्या मिशीवर चरबी गोठायची आणि बोलताना एक पांढरा पापुद्रा वरखाली व्हायचा. त्याच्या डोळ्यांत बघून बोलायचं असं मी घरून ठरवून निघायचो. जमलं नाही कधी. माझ्या गव्हातले पोरकिडेसुद्धा त्या वासानं बिऱ्हाड हलवून रहिमतपूरला गेले. त्यांना मारायला मला धर्माची बंदी. ते आपणहून गेले, एवढाच काय तो माझा फायदा.

त्याची आई तेव्हा नव्वदीला टेकलेली. सोप्यात बसून सगळं ऐकायची. एकदा तिनं विचारलं, “कुणाचं म्हणतोस रं, कोण चरबी खायचं?”

“आपलं पूर्वज, आई.”

“तुझा आजा हुलग्याचं माडगं प्यायचा. जत्रंला वर्साकाठी मटण, त्यातबी त्येच्या वाटणीला रस्सा.”

“त्येच्या आदीचं पूर्वज.”

“त्येंची मला वळख न्हाई,” म्हातारी म्हणाली आणि पुन्हा वाती वळायला लागली.

त्या वातींनीच पुढं घात केला. पांढरी गोठलेली चरबी स्टीलच्या डब्यात, आणि तूपही स्टीलच्या डब्यात. वहिनींनी घाईत देवापुढचं निरांजन भरलं ते चरबीनं. वात चुरचुरली. घटकाभरात देवघरातून मटणाचा वास, आणि तोही एकादशीला. गल्लीतली पाच माणसं वास हुंगत दारात आली आणि देवाकडून येतोय म्हटल्यावर हात जोडून परत गेली.

“खंडोबा हाय,” सुभेदार म्हणाला. “त्याला चालतंय.”

“त्याला चालंल,” वहिनी म्हणाल्या. “ह्या घरात मला चालवायचं हाय.” आणि त्यांनी डबा, पातेलं, उलथनं, सगळं उचलून घरामागच्या परड्यात टाकलं. तेव्हापासून चरबी घराबाहेर. खायचीच असेल तर माझ्या गोदामामागच्या शेवग्याखाली बसून खायची, असं ठरलं. कुणाच्या परवानगीनं ठरलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पितृपंधरवड्यात त्याच्या बापाचा म्हाळ होता. सुभेदारानं जाहीर केलं की पूर्वजांना पूर्वजांचंच जेवण मिळेल. वहिनींनी ऐकलं आणि बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हा गल्लीतली कुत्रीही बसून घेतात. माळवदावर दोन पानं मांडली गेली. एकावर वहिनींची खीर, वडे, गवारीची भाजी, भाकरी. दुसऱ्यावर सुभेदाराचा चरबीचा गोळा, नारळाएवढा. नारळाएवढा म्हणजे, बरं, लिंबाएवढा म्हणा. पण उन्हात तो चकाकत होता आणि मला नारळाएवढा दिसला. अख्खी गल्ली खाली उभी. मीही होतो, नाक बंद, डोळे उघडे.

कावळा आला. वड्याकडं बघितलं, चरबीकडं बघितलं, आणि चरबी उचलली.

“बगा,” सुभेदार कमरेवर हात ठेवून म्हणाला. “वळखलं का न्हाई?”

कावळा मोबाईलच्या टॉवरवर जाऊन बसला. तिथं त्यानं चोच मारली, थांबला, मान झटकली. चोच टॉवरच्या लोखंडाला तीनदा पुसली. मग गोळा सोडून दिला, तो माझ्या दुकानाच्या पत्र्यावर पडला आणि उन्हात वितळून पाटीवर ओघळला. माझ्या नावातलं एक अक्षर त्या दिवसापासून धुरकट आहे. कावळा परत आला आणि वडा घेऊन गेला.

“आबांना दात न्हवतं,” सुभेदार म्हणाला. “म्हणून.”

आता त्याची एक सवय सांगायची राहिली. रोज सकाळी तो कट्ट्यावर बसायचा, दाढीचा आरसा जमिनीवर ठेवायचा आणि त्यावर एकेक पाऊल धरून तळवा बघायचा. बोटांच्या बेचक्या, टाच, कडा, सगळं. फौजेतल्या तपासणीसारखं, सावकाश. आम्ही खूप चेष्टा केली. मी तर विचारायचो, “काय सुभेदार, टाचंला भांग डावीकडनं पाडतोस का मधनं?” तो हसायचा, आरसा पुसायचा, पालथा करून ठेवायचा.

पौषातली गोष्ट. दुपारी शाळूची पोती मोजायला मी गोदामात गेलो होतो. मागच्या खिडकीतून आवाज आला. कुणीतरी आकडे मोजत होतं. “एक. दोन. तीन.” मग घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज.

वाकून बघितलं. शेवग्याखाली सुभेदार बसला होता. मांडीवर डबा, हातात चमचा. चमच्यात थंडीनं मेणासारखी घट्ट झालेली चरबी. त्यानं डोळे मिटले, डाव्या हाताच्या चिमटीत नाक धरलं, तीनपर्यंत आकडे मोजले आणि चमचा तोंडात घातला. खांदे वर आले. पोट आत गेलं. तोंडावर तळहात दाबून तो तसाच बसला, डोळ्यांतून पाणी गालावर. गिळलं. पुन्हा उसळून आलं. ते त्यानं पुन्हा गिळलं.

मी उभ्या आयुष्यात इतकं किळसवाणं दृश्य पाहिलं नाही, आणि मला तिथून हलता येईना.

“सुभेदार.”

तो दचकला. मग डबा बाजूला ठेवला. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

“अण्णा,” तो म्हणाला, “लय किळस येती रं.”

“आज?”

“रोज. पयल्या दिवसापास्नं.”

“आणि तू तर गल्लीभर सांगतोस, अमृत हाय म्हणून.”

“न्हाई सांगितलं तर तुजी वहिनी मला गिळू देईल व्हय?”

“मग सोड की. डॉक्टर म्हणतोय तेवढं कर.”

“गोळ्या घेतोय की. चालतोय. पर थोरल्यानंबी गोळ्या घेतल्या हुत्या.”

त्याचा थोरला भाऊ मी पाहिला होता. साखरेनं आधी त्याचं एक बोट गेलं, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. शेवटची दोन वर्षं तो खाटेवर होता आणि त्याचं सगळं सुभेदार करायचा, एवढं गल्लीला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

“त्येला खाज यायची, अण्णा. न्हवता त्या पायाला. ‘पायाला खाजतंय रं’ म्हणायचा. तिथं काय, नुसती चादर. मग मी चादर खाजवायचो. ‘जरा खाली,’ म्हणायचा. ‘हां, तितंच. आता बरं वाटलं.’ दोन वर्सं मी ती चादर खाजवली.”

शेवग्याची दोन पानं त्याच्या डब्यात पडली होती. ती त्यानं चिमटीनं काढली.

“मला दोन पायांनी जायचं हाय. बाकी काय बी होऊ दे. त्यो मोबाईलवाला खरा का खोटा, मला न्हाई ठावं. पर काय राहून गेलं, असं नको वाटायला.” मग चमचा पुन्हा उचलत म्हणाला, “कुणाला बोलू नको. तिला तर न्हाईच. तिला कळलं तर रडंल.”

मी शब्द दिला. माझ्या पोटात गल्लीच्या टोकापर्यंत काही टिकत नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. पण हे टिकलं. वहिनी चरबीवरून तोंडाचा पट्टा चालवायच्या, सुभेदार मिशी पुसत ‘अमृत’ म्हणायचा, आणि मी मधे उभा राहून, नाकाला उपरणं लावून, “अगदी राक्षस झालाय हा” असं म्हणायचो. त्याला बरं वाटायचं. दुपारी दोनला मी गोदामाची मागची खिडकी लावून घ्यायचो. माझ्या नाकासाठी, असं सगळ्यांना वाटायचं.

साखर उतरली. गोळ्यांनी उतरली, चालण्यानं की चरबीनं, ते कोण सांगणार? त्यानं सगळं श्रेय पूर्वजांना दिलं.

दोन वर्षं त्यानं हुकूम पाळला. मग एका सकाळी उसाला पाणी पाजताना तो बांधावर खाली बसला, तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, हृदय. गल्ली म्हणाली, चरबी. म्हातारी वाती वळत बसली. त्याला अंगणात पाटावर न्हाऊ घातलं तेव्हा पायांवर पाणी मी घातलं. दोन्ही तळवे बघितले. बेचक्या, टाच, कडा. कुठं ओरखडा नव्हता.

वर्षश्राद्ध झालं आणि यंदा त्याचा पहिला म्हाळ आला. वहिनींनी मला बोलावलं. मी गेलो, चरबी आल्यापासून पहिल्यांदाच त्या घरात नाकाला उपरणं न लावता. आंघोळीच्या चुलीवर आंघोळीचं पाणी होतं. कट्ट्यावरच्या कोनाड्यात दाढीचा आरसा पालथा ठेवलेला, तो कुणी हलवला नव्हता.

येताना मी एक काम केलं होतं, जे माझ्या सात पिढ्यांत कुणी केलं नसेल. खाटकाच्या दारात उभा राहून लिंबाएवढी चरबी मागितली होती. खाटकानं दोनदा विचारलं, “अण्णा, तुमी?” कागदाच्या चार घड्यांत गुंडाळून, हात लांब धरून, गावभर मिरवत ती मी आणली. वाटेत दोनदा ओकारी आली. शब्द दिला होता. त्याचं सोंग मला शेवटपर्यंत सांभाळायचं होतं.

माळवदावर एकच पान होतं. त्यावर गरम शाळूची भाकरी, एक नव्हे, दोन; त्यावर तूप, साधं, म्हशीचं; शेजारी गुळाचा खडा.

मी पुडी पुढं केली. “वहिनी, ह्ये ठेवायचं राहिलं. त्याला लय आवडायचं.”

वहिनींनी पुडीकडं बघितलं नाही. पान थोडं उन्हात सरकवलं, आणि आवाज न चढवता म्हणाल्या,

“त्यास्नी ते कवाच आवडलं न्हाई, भावजी.”