टिकल्या लावलेल्या वायरी

इंद्रलोक सोसायटीतल्या संचिताने वायरमनचा कोर्स झोकात पूर्ण केला, पण पहिलं काम काही मिळेना. वरच्या मजल्यावरच्या चांदणीबेनने बोर्ड बदलायला बोलावलं होतं, तर घरचाच माणूस आडवा आला. "आधी आपला बोर्ड बदलून दाखव, मग लोकांच्या घरात शीर," राघो म्हणाला. नवरा मनाचा वाईट नाही हो. पण विजेला असा टरकतो की पंख्याचं बटणही चप्पल घालून दाबतो. बायकोला शॉक बसेल या धास्तीने त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता, आणि ते बोलून दाखवायची लाज.

रविवारी संचिताने हॉलमधला जुना बोर्ड उघडला आणि कपाळावर हात मारला. अर्थिंगची हिरवी सोडली, तर आत सगळ्या वायरी लाल!

"अहो, हे काय?"

"घर घेतलं तेव्हा मीच आणलेल्या, केबिन रोडच्या दुकानातून. म्हटलं, एकच रंग छान दिसेल."

"भिंतीच्या आत? कोणाला दिसणारे?"

राघोने पेपर तोंडासमोर धरला.

संचिताला हसू आवरेना. सगळी बटणं बंद ठेवून तिने टेस्टर लावला. तरीही जिथे तो पेटला, ती फेज, वीज आणणारी. दिव्याचं बटण दाबल्यावर जिच्यावर पेटला ती दिव्याची, पंख्याचं दाबल्यावर जिच्यावर पेटला ती पंख्याची, आणि जिच्यावर काही केल्या पेटला नाही ती प्लगची न्यूट्रल, वीज परत नेणारी. मग मेन बंद करून तिने पुन्हा टेस्टर फिरवला, कुठेच पेटत नाही हे पाहिलं, आणि आरशाजवळचं टिकल्यांचं पाकीट आणून प्रत्येक वायरीला वेगळ्या रंगाची टिकली चिकटवली. राघोचा पेपर कधीच खाली आला होता.

"हळदीकुंकू चाललंय का गं?"

"तेच समजा."

टिकल्या बघून तिने नवा बोर्ड जोडला, मेन चालू केला. दिवा लागला, पंखा फिरला. संचिता आनंदाने लहान मुलीसारखी ओरडली, आणि राघोही.

संध्याकाळी दोघं वर गेली. चांदणीबेनच्या उघड्या बोर्डावर राघो टॉर्च मारत उभा होता, चप्पल घालून, पण उभा होता.

चांदणीबेनने कौतुकाने विचारलं, "अरे वा, भाईसाब, आप भी वायरमन?"

"नहीं नहीं," राघो छाती पुढे काढून म्हणाला, "मैं इनका हेल्पर."