सगळ्यांना जवळचं दुकान

माझी ताई मोबाइलचे स्क्रीन आखायची. गल्लीतल्या लोकांना ते काही केल्या कळेना. ते आपले बिघडलेले फोन घेऊन दारात हजर! आपण उभे आहोत तिथून जवळचा डॉक्टर, न्हावी, शिंपी फोनवर शोधायचं खूळ तेव्हा नवंच होतं. ताईचं ऑफिस तसलंच ॲप बनवायचं. त्यात कुठलं बटण कुठे असावं, यादीत काय आधी दिसावं, हे ताई ठरवायची. जेवतानासुद्धा फोनच्या आकाराचा कागद माझ्यापुढे सरकवून म्हणायची, दाखव, कुठे दाबशील? मी मुद्दाम भलतीकडेच बोट ठेवायचो. ती मुकाट्यानं खोडून पुन्हा काढायची. काय दिवस होते! आजही आठवले की जीव हळवा होतो.

आई पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. बाबा गेल्यावर त्याच मशीनवर तिनं आम्हाला वाढवलं. पण लोक तयार कपड्यांकडे वळले आणि तिचं काम आटलं. मला आता कोण विचारतंय, हे तिचं पालुपद झालं. ताईला ते ऐकवत नसे.

नमुन्याच्या स्क्रीनवर काहीतरी नाव घालावंच लागतं. ताई शिंप्यांच्या यादीत सगळ्यात वर आईचं दुकान घालायची, घरचा फोन नंबर आणि शेजारी 'अगदी जवळ'. काम संपलं की ते पुसायचं असतं. नेमकं तेवढंच राहिलं. ऑफिस आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, त्यामुळे तिथे बसून तपासणाऱ्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. मग काय, शहराच्या कुठल्याही टोकाला कुणी शिंपी शोधला की पहिली आमची आई!

घरचा फोन खणखणू लागला. लोक वैतागून विचारायचे, अगदी जवळ आहात तर दिसत कसे नाही? आईला वाटायचं, बिचारे वाट चुकले. ती शांतपणे रस्ता सांगायची. घामाघूम होऊन आलेली माणसं, आता आलोच आहोत तर, म्हणून कपडे टाकून जायची. आईच्या अंगात हत्तीचं बळ आलं. मशीन चालवताना ती गुणगुणायला लागली.

एका बाईंनी फोनवरचं 'अगदी जवळ' दाखवत ताईला दारातच झापलं, तेव्हा ताईच्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हटलं, राहू दे गं, कुणाचं काय बिघडतंय? ती म्हणाली, लोकांची पायपीट होतेय. ऑफिसात गुपचूप पुसता आलं असतं. पण तिनं आधी आईला सगळं सांगितलं.

आई बराच वेळ हातातला सदरा नीट करत राहिली.

"म्हणजे ते मला शोधत नव्हते?"

"नाही गं, आई."

"मग काढून टाक. उगीच हेलपाटे कशाला त्यांना?"

ताईनं ते नीट केलं. आता आईचं दुकान फक्त आमच्या गल्लीतून शोधलं तरच दिसायचं, आणि गल्लीतले तर शिवणासाठी आता फिरकतही नव्हते. फोन गप्प झाला. आई मधूनच रिसीव्हर उचलून कानाला लावायची, चालू आहे ना बघायला. मला रडू यायचं.

एका दुपारी ताई मोबाइल घेऊन मागच्या अंगणात गेली. पुढच्या खोलीत फोन वाजला. आई धावलीच.

"बाही उसवलीय," पलीकडून ताई म्हणाली, "शिवून मिळेल?"

"मिळेल की. कुठून बोलताय?"

"इथूनच. जवळूनच."

आईनं आवाज ओळखला होता. डोळ्यांना पदर लावत ती म्हणाली, "मग घेऊन ये. मी बसलेच आहे."