पाळ नसलेलं पाणी

घरी नको ती गोष्ट निघाली की मी उठून जाते. भांडत नाही, दार आपटत नाही. चप्पल घालते आणि शेतातल्या बोडीच्या, त्या लहानशा तळ्याच्या, पाळीवर पाण्याकडे तोंड करून बसते. नवरा जिवंत होता तेव्हा म्हणायचा, हिच्याशी बोलायचं तर आधी हिला बांधून ठेवावं लागेल. लेकानं ते बरोबर लक्षात ठेवलं होतं.

या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे विशाखापट्टणमला गेले, आठच दिवसांसाठी. मृगाआधी गावी, दवनीवाड्याला, परतून रोपांसाठी धानाचे पऱ्हे टाकायचे होते. सहाव्या दिवशी तो म्हणाला, "चाल आई, तुले बोटीतून शहर दाखवतो." मी खुळी, नवी साडी नेसून निघाले.

बोटीवर त्यानं मला नारिंगी जॅकेट घातलं, पट्टे स्वतः आवळले. माईकवरचा माणूस दाखवत होता, हे बंदर, तो दीपस्तंभ. किनारा बराच मागे पडला तसा लेक बोलला.

"आई, परतीचं तिकीट मी काढलोच नाही."

"काऊन?"

"आता इथंच राय. एकटी कायले राहून राहिली तिथं? वावर ठेक्यानं देऊन टाकू."

मी सवयीनं उठले. दोन पावलांवर कठडा, पलीकडे पाणी. दुसरीकडे वळले तर तिकडेही कठडा. गाण्यावर नाचणाऱ्या पोरींना वाटलं मावशी नाचायला आल्या, त्यांनी हसून जागा करून दिली. मी चिडून परत येऊन बसले. जीव कोंडला होता. माझाच लेक, आणि माझ्याच स्वभावाला कुंपण घालून बसला होता.

"बोट कवा फिरते माघारी?"

"अर्धा तास हाये अजून." मग खाली बघत म्हणाला, "मागच्या पावसाळ्यात दोन दिवस तुझा फोन लागला नाही. मी ऑफिसात काय करून राहिलो होतो, मलेच ठावं नाही."

मी पाण्याकडे तोंड केलं. त्या पाण्याला एकच काठ होता, आणि त्यावर त्याचं शहर.

बोट धक्क्याला लागताच मी सगळ्यांच्या आधी उतरले आणि तरातरा चालू लागले. दहा पावलांवर थांबले. पाट्या तेलुगूत होत्या. डावीकडे जायचं की उजवीकडे, मला कळेना. जॅकेट अंगावर तसंच राहिलं होतं. तो मागून धावत आला, एकेक पट्टा सोडवला.

"चाल आई, घरी जाऊ."

कोणत्या, ते विचारायचं माझं धाडस झालं नाही.